टॅबवरच्या चित्रामागून शिरकाव

ब्राउझरच्या टॅबवर संकेतस्थळाच्या नावाआधी एक चिमुकले चित्र दिसते. ते बदलण्याची सोय ‘वर्सा डायरेक्टर’मध्येही होती. इंटरनेट कंपन्या आपल्या अनेक ग्राहकांची नेटवर्क या एकाच सॉफ्टवेअरमधून सांभाळतात. फाइलच्या नावाशेवटी ‘.पीएनजी’ असले, की आत खरोखर चित्रच आहे का याची खातरजमा तिथे होत नव्हती. पण डब्यावर ‘साखर’ लिहिले म्हणून आत मीठ नसेलच असे थोडेच आहे! खऱ्या पीएनजी चित्राचे पहिले 8 बाइट ठरलेले असतात आणि त्यांत दुसऱ्या ते चौथ्या जागी पी, एन, जी हीच अक्षरे येतात. 2024 मध्ये सापडलेल्या ‘वर्साटेस्ट.पीएनजी’ या फाइलच्या पोटात मात्र जावाचा प्रोग्राम होता. सर्व्हरच्या मेमरीत ठाण मांडून तो लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड टिपून घेई.

चित्र बदलण्याचा अधिकार तर फक्त अ‍ॅडमिनला होता, मग धोका कसला, असे कोणी म्हणेल. पण दोन डायरेक्टर एकमेकांना जोडण्यासाठी असलेला 4566 क्रमांकाचा पोर्ट काही कंपन्यांनी इंटरनेटवर उघडा ठेवला होता. लुमेन कंपनीच्या संशोधकांच्या मते हल्लेखोर बहुधा तिथूनच शिरले. म्हणूनच, लॉगिन आहे तेव्हा तपासणीत थोडी ढिलाई चालेल, हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. नुसते पहिले बाइट पाहूनही भागत नाही, कारण अस्सल चित्राच्या शेपटीला कोड जोडता येतो. आलेले चित्र सर्व्हरने नव्याने घडवावे, त्याला स्वतःचे नाव द्यावे आणि जिथली कोणतीही फाइल प्रोग्राम म्हणून चालत नाही, अशाच फोल्डरमध्ये ठेवावे.