फांदी मोडली ती कावळ्यामुळेच का?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका शाळेच्या संगणक कक्षात सकाळी साडेदहाला मुले आली ती शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला. अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. बारा संगणक सुरू केले, आणि पाच संगणकांवर ब्राउझर उघडताच बंद पडू लागला. आदल्या दिवशीपर्यंत सगळे ठीक होते. पडद्यावर नवी आवृत्ती आल्याची सूचना होती, तेव्हा निष्कर्ष काढायला कुणालाच वेळ लागला नाही. कक्ष सांभाळणारे शिक्षक मला म्हणाले, 'सर, रात्रीतून हा आपोआप अपडेट झाला, त्यानेच घात केला. सगळ्या यंत्रांवरचे हे अपडेट कायमचे बंदच करून टाकतो.'

मी योगायोगाने तिथे होतो. अपडेट बंद करू नका, एवढेच तेव्हा म्हणालो. का, ते सांगायला जरा सावकाशी हवी होती, म्हणून हा लेख.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. एका घटनेमागोमाग दुसरी घडली की पहिलीमुळेच दुसरी घडली असे मन घाईने ठरवते. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना या घाईपासून सावध करतो. पण यंत्र आपलेच बिघडले की ही सावधगिरी विसरली जाते. ब्राउझरच्या बाबतीत तर घोटाळ्याला आणखी वाव असतो, कारण हल्लीचे ब्राउझर दर काही आठवड्यांनी न विचारता नवी आवृत्ती घेतात. मग कोणताही बिघाड कुठल्या ना कुठल्या अपडेटच्या 'नंतरच' होणार!

दोन खरी उदाहरणे पाहू या.

११ जानेवारी २०२२ रोजी फायरफॉक्स या ब्राउझरची ९६ क्रमांकाची आवृत्ती प्रसिद्ध झाली. दोनच दिवसांनी, १३ जानेवारीला, जगभरच्या असंख्य लोकांचा फायरफॉक्स एकाएकी गोठला. ब्राउझर उघडत होता, पण एकही पान येत नव्हते. साहजिकच संशय नव्या आवृत्तीवर गेला. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला संस्थेच्या तंत्रज्ञांनीही प्रथम स्वतःचे अलीकडचे बदल तपासले. चूक निघाली ती मात्र त्या आवृत्तीतल्या कोणत्याही नव्या गोष्टीत नव्हती.

झाले होते असे. ब्राउझर दूरच्या संगणकाकडे काही मजकूर पाठवतो तेव्हा त्याच्या डोक्यावर माहितीच्या काही ओळी जोडतो. त्यातली एक ओळ मजकुराची लांबी सांगते. तिचे नाव 'कंटेन्ट-लेंग्थ'. आपल्या देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे हा प्रकारच नाही. इंग्रजीत तो आहे, पण या ओळींची नावे कशीही लिहिली तरी अर्थ एकच धरावा असा नियम आहे. फायरफॉक्सचा वापर कसा होतो याची माहिती मोझिलाला पाठवणारा एक भाग हे नाव सगळ्या लहान अक्षरांत लिहीत असे. ब्राउझरच्या मधल्या थराने ओळ आहे की नाही ते पाहिले. अक्षरांचा भेद तो मानत नसल्याने त्याला ती सापडली, आणि त्याने दुसरी ओळ जोडली नाही. पुढचा थर एचटीटीपी-३ या नव्या संदेश-पद्धतीचा. तो मात्र मोठ्या अक्षरांनी सुरू होणारे नावच शोधत होता. ते न मिळाल्याने पाठवायला काहीच नाही असे त्याने धरले. पण हातातला मजकूर तर शिल्लक! मग तो पुन्हापुन्हा तीच फेरी मारत बसला, अंत नसलेली. आणि ब्राउझरची सगळी ये-जा त्याच एका वाटेने होत असल्याने मागचे सारे अडकून पडले.

हा दोष त्या दिवशी जन्मला नव्हता. तो आधीपासून दडून होता. माहिती स्वीकारणारे मोझिलाचे सर्व्हर एचटीटीपी-३ ही पद्धत वापरत नव्हते, तोवर त्या वाटेवर कुणी पाऊलच टाकले नव्हते. ते सर्व्हर ज्या गूगलच्या क्लाउड सेवेमागे होते, त्या सेवेने ही पद्धत आपोआप सुरू केली आणि खड्डा उघडा पडला. मोझिलाने आपल्या बाजूने ती बंद करताच फायरफॉक्स पुन्हा चालू लागला. हा सगळा गोंधळ जवळजवळ दोन तास चालला. ज्यांनी वापराची माहिती पाठवणे बंद ठेवले होते त्यांना त्याचा त्रास झाला नाही. त्या दोन तासांत नवी आवृत्ती काढून जुनी टाकण्याची खटपट कुणी केली असेल आणि तेवढ्यात तिकडे दुरुस्ती झाली असेल, तर जुन्या आवृत्तीनेच काम झाले अशी त्याची आजही खात्री असेल.

दुसरे उदाहरण याच्या उलटे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगल क्रोमची ७८ क्रमांकाची आवृत्ती आली. त्यानंतर अनेक कार्यालयांत प्रत्येक पानाच्या जागी तोंड पाडलेले चित्र दिसू लागले. ब्राउझरच्या सेटिंगचे पानसुद्धा उघडेना. इथे अपडेटचा संबंध खरोखर होता. त्या आवृत्तीत एक नवी सुरक्षा सुरू झाली होती: पाने दाखवणाऱ्या प्रक्रियेत परक्या प्रोग्रामचा तुकडा शिरू द्यायचा नाही. पण सिमँटेक कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या पहारा ठेवण्यासाठी नेमके तेच करत होत्या. दोघांच्या ओढाताणीत पान कोसळे. सुरक्षा-सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली की प्रश्न मिटत होता. असा हस्तक्षेप ब्राउझरला मानवत नाही हे गूगलने २०१७ सालीच सांगितले होते. विंडोजवर क्रोममध्ये असे तुकडे घुसवणारे सॉफ्टवेअर असेल तर क्रोम कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त असते, असा त्यांचा अनुभव होता.

म्हणजे इथे कावळा बसला आणि फांदी मोडली हे खरे, पण फांदी आधीच पोखरलेली होती. अपडेट हे निमित्त होते. कारण शोधायचे तर निमित्त आणि कारण वेगळे करावे लागतात, आणि ते नुसत्या विचाराने होत नाही. त्याला प्रयोग लागतो.

आता त्या शाळेकडे परत जाऊ. अर्ज तर भरायचे होते, म्हणून चालू असलेल्या यंत्रांवर मुलांना आळीपाळीने बसवले आणि नववीच्या दोन मुलींना एक तक्ता करायला सांगितला. यंत्राचा क्रमांक, ब्राउझरची आवृत्ती, कोसळतो की नाही, आणि सोबत आणखी काय बसवलेले आहे, एवढेच रकाने. अर्ध्या तासात तक्ता झाला. तो पाहून शिक्षकांना आश्चर्य वाटले. बारापैकी आठ यंत्रांवर नवी आवृत्ती होती, आणि त्यांपैकी तीन अगदी नीट चालत होती. म्हणजे एकटे अपडेट पुरेसे कारण नव्हते. उरलेल्या चार यंत्रांवर जुनीच आवृत्ती होती, कारण ती बरेच दिवस सुरूच केली नव्हती. कोसळणाऱ्या पाचांपैकी चार यंत्रांवर कधीकाळी फुकट मिळालेले, मुदत संपलेले एक सुरक्षा-सॉफ्टवेअर होते. नीट चालणाऱ्या तिन्ही नव्या यंत्रांवर ते नव्हते. आणि गंमत म्हणजे जुन्या आवृत्तीच्या दोन यंत्रांवर तेच सॉफ्टवेअर होते, तरी ब्राउझर खुशाल चालत होता.

यावरून एक अंदाज बांधता येतो: नवी आवृत्ती आणि ते जुने सॉफ्टवेअर एकत्र आले तरच बिघाड होतो. अंदाज चांगला की वाईट हे त्यातून भाकीत करता येते का यावर ठरते. जुन्या आवृत्तीच्या त्या दोनांपैकी एका यंत्रावर आम्ही मुद्दाम अपडेट घेतले. मुली म्हणाल्या होत्या, 'आता हाही पडणार.' पडला! मग त्या यंत्रावरून मुदत संपलेले सॉफ्टवेअर काढले आणि यंत्र रीस्टार्ट केले, तर ब्राउझर चालू लागला. विंडोजची स्वतःची सुरक्षा अशा वेळी आपोआप काम हाती घेते. ती घेतली ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

प्रत्येकाकडे बारा यंत्रे नसतात. एकाच यंत्रावर शोध घ्यायचा तर काय करावे?

आधी नेमके काय होते ते लिहून काढा. 'बंद पडतो' या एका शब्दात तीन वेगळे आजार असतात. एकच पान पडते आणि बाकीचे चालू राहतात. सगळा ब्राउझर नाहीसा होतो. किंवा तो पडद्यावर असतो पण हलत नाही. क्रोमने २००८ सालापासून वेगवेगळ्या पानांची कामे वेगळ्या प्रक्रियांत वाटली, पुढे फायरफॉक्सनेही तो मार्ग धरला. त्यामुळे एकच पान पडत असेल तर दोष बहुधा त्या पानापाशी असतो, आणि सगळेच गेले तर मुळाशी. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि 'क्रॅशेस' असे लिहिले की कोसळण्याच्या नोंदी दिसतात. क्रोममध्येही अशी सोय आहे.

मग यंत्र रीस्टार्ट करा. बंद करून सुरू करणे आणि रीस्टार्ट करणे एकच, असे आपण समजतो. पण विंडोजमध्ये जलद सुरू होण्याची सोय चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण पुसला जात नाही, साठवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो नव्याने सुरू होतो. अर्धवट बसलेले अपडेट कित्येकदा एवढ्यानेच पुरे होते.

यानंतर दुसरा ब्राउझर वापरून पाहावा, पण निष्कर्ष जपून काढावा. मायक्रोसॉफ्ट एज २०२० पासून क्रोमच्याच क्रोमियम या मुळावर उभा आहे. एजही कोसळला तर दोघांचे समान मूळ किंवा समान शत्रू संशयित ठरतो. फायरफॉक्सचे मूळ वेगळे आहे, म्हणून ताडून पाहायला तो अधिक उपयोगी.

पुढची शंका ब्राउझरला आपण जोडलेल्या एक्स्टेन्शनांवर. क्रोमच्या खाजगी खिडकीत, मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, ही एक्स्टेन्शने चालत नाहीत. तिथे बिघाड दिसला नाही तर दिशा मिळाली. फायरफॉक्समध्ये दोषनिवारणाची वेगळी अवस्था आहे. शिफ्ट कळ दाबून ठेवून ब्राउझर उघडला तरी ती मिळते. इथे थोडी सावधगिरी हवी. ही अवस्था एक्स्टेन्शने, सजावट आणि ग्राफिक्स कार्डाची मदत या साऱ्या गोष्टी एकदम बंद करते. एका वेळी एकच घटक बदला, हा आपला प्रयोगाचा नियम ती मोडते. म्हणून त्या अवस्थेत ब्राउझर चालला तर कारण यांपैकी एक आहे एवढेच कळते, कोणते ते नाही. मग ग्राफिक्सची मदत सेटिंगमधून एकटीच बंद करून पाहावी लागते.

एक्स्टेन्शने सोळा असतील तर एकेक बंद करत बसू नये. आठ बंद करा. बिघाड राहिला तर दोषी उरलेल्या आठांत, गेला तर बंद केलेल्या आठांत. मग चार, दोन, एक. सोळातून चोर चार चाचण्यांत सापडतो, चौसष्टातून सहा चाचण्यांत. मनात धरलेली संख्या ओळखण्याचा खेळ वर्गात आपण खेळतो, तो हाच. फायरफॉक्सचे तंत्रज्ञही बिघाड कोणत्या दिवसाच्या बदलाने शिरला हे आवृत्त्या अशाच निम्म्या करत शोधतात. मात्र दोन एक्स्टेन्शने मिळूनच बिघाड करत असतील तर ही युक्ती फसते.

एवढ्यानेही हाती काही लागले नाही तर ब्राउझरमध्ये नवी प्रोफाइल उघडून पाहावी. जुनी पुसून टाकू नये. तिच्यात खुणा आणि पासवर्ड असतात. आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा मोह आवरावा. २०१९ साली आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीत वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडूच देत नाही, कारण माहिती बिघडण्याचा धोका असतो.

अपडेट बंद करण्याविषयी. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकाराची उकल करणाऱ्या एका प्रोग्राम-संचात दोष सापडला. मुद्दाम तयार केलेले चित्र नुसते पानावर दिसले तरी त्यातून यंत्रात घुसखोरी करता येईल असा तो दोष होता, आणि त्याचा गैरवापर सुरूही झाला होता. क्रोमने ११ तारखेला आणि फायरफॉक्सने १२ तारखेला दुरुस्ती पाठवली. ज्या कक्षात अपडेट कायमचे बंद होते, तिथे ही दुरुस्ती पोहोचलीच नसणार. ज्या यंत्रावर मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते भरले जाते, त्या यंत्राबद्दल आपण बोलतो आहोत.

त्या दिवशी पाच वाजेपर्यंत सगळे अर्ज गेले. तक्त्यात एक यंत्र मात्र कुठेच बसत नव्हते, सहा क्रमांकाचे. त्यावर ते सॉफ्टवेअर नव्हते, तरी ब्राउझर कोसळत होता. एका मुलीच्या लक्षात आले की त्यावर नुसते मराठी टंकलेखन करतानाही अधूनमधून पडदा निळा होतो. विंडोजमधलीच स्मृती तपासण्याची सोय रात्रभर चालवली, तेव्हा रॅमची एक पट्टी सदोष निघाली. अपडेटशी तिचा काही संबंध नव्हता.