इंजिनाच्या पोटातला दाब

अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाही. मूळच्या ब्रिटिश बी-सीरीज रचनेत तिथे शाफ्टवरच उलटे आटे कापलेले असतात. शाफ्ट फिरू लागला की बाहेर येऊ पाहणारं ऑइल ते आटे परत चेंबरकडे लोटतात. ही रचना पुष्कळ वर्षं निभावली, पण तिची एक अट आहे: क्रँककेसमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढता कामा नये. तो थोडासा वाढला तरी ऑइल आट्यांना जुमानत नाही आणि क्लचच्या बाजूने ठिबकू लागतं. मग गाडी ‘मागचं सील गेलं’ या तक्रारीवर गॅरेजला जाते, गिअरबॉक्स उतरतो आणि गळती होती तिथेच राहते. अशा इंजिनात ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी नळी, हाच सीलचा अर्धा भाग आहे, असं माझं म्हणणं आहे. जी जुनी गाडी खरोखर रस्त्यावर फिरवायची आहे, तिची उघडी ब्रीदर नळी बंद करून ती वाफ इनटेक मॅनिफोल्डच्या ओढीने इंजिनातच जाळणं, हे मूळ रचनेशी प्रामाणिक राहूनच केलेलं काम ठरतं.

मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते नव्याकोऱ्या इंजिनातही थोडं असतंच. कुठल्याच पिस्टन रिंगा शंभर टक्के गॅस अडवत नाहीत. रिंगांमागून खाली उतरणाऱ्या या गॅसमध्ये न जळलेलं पेट्रोल, आम्ल तयार करणारी द्रव्यं आणि मुख्य म्हणजे पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण खाली उतरलेला अंश थंड इंजिनात पाणी बनून ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली जमणारी पिवळट साय ती हीच, आणि पुढे तिचाच गाळ होतो. हे सगळं बाहेर काढायला जुन्या इंजिनांना खाली लोंबणारी, तोंड तिरकं कापलेली एक नळी असे. गाडी पळत असली की तोंडापाशी वाहणाऱ्या हवेमुळे ओढ निर्माण होई. मोकळ्या रस्त्यावर हे पुरेसं होतं. आज मात्र या गाड्या आठवडाभर उभ्या असतात आणि रविवारी शहरातल्या गर्दीत चार-पाच किलोमीटर सरकतात. उभ्या गाडीत ती नळी काहीच ओढत नाही, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत बंद झालं की सगळी वाफ आतच मुरते.

मूळ रूप बिघडतं, हा वाफ व्हॉल्वमार्गे मॅनिफोल्डमध्ये ओढण्यावरचा पहिला आक्षेप. पण मॅनिफोल्डला जोडलेला व्हेंटिलेशन व्हॉल्व दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर होताच, आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडणी केली ती विलीजचीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोटारींवर १९६१ च्या मॉडेलपासून आणि देशभर १९६३ पासून हा व्हॉल्व आला. अँबॅसडरच्याच इंजिनाचं मोठ्या क्षमतेचं भावंड वापरणाऱ्या एमजीबी या ब्रिटिश मोटारीला तो १९६४ च्या सुमारास मिळाला. म्हणजे ही सुधारणा त्याच काळातली, त्याच घराण्यातली आहे; शिवाय नटबोल्ट काढले की जुनी नळी पुन्हा बसवता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जास्तीची हवा आत आल्याने आयडलिंग बिघडतं आणि इंजिन ऑइल ओढू लागतं. दोन्ही गोष्टी घडतात, पण काम अर्धवट केलं तर. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त, तेव्हा व्हॉल्वने वाट जवळपास मिटून घ्यायला हवी. म्हणून तो तेवढ्याच क्षमतेच्या इंजिनाचा निवडावा आणि नंतर कार्बोरेटरचं मिक्श्चर पुन्हा जुळवावं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की नेमकं उलटं होतं: गॅस सर्वाधिक आणि ओढ सर्वांत कमी. त्या वेळी उरलेला गॅस वरच्या टॅपेट कव्हरमधून नळीने एअर क्लीनरकडे परतायला हवा, त्यामुळे ती नळी काढून तिथे सुटं फिल्टर बसवणं चूक आहे. आणि ब्रीदरच्या डब्यात तारेची जाळी असते, ती बहुतेक जण कधी धूतच नाहीत. ऑइलचे कण तिथेच अडायचे असतात. जाळी तुंबली तर दाब वाढतो, फेकून दिली तर ऑइल थेट मॅनिफोल्डमध्ये जातं.

ब्रीदरला बाटली किंवा डबा जोडला की झालं, असंही सांगितलं जातं. डब्यात ऑइल साचतं हे खरं, पण ओढ नसेल तर वाफ आणि आम्ल इंजिनातच राहतात. झिजलेल्या इंजिनावर व्हॉल्वचाही उपयोग नाही, तो फक्त धूर लपवेल. म्हणून आधी कॉम्प्रेशन मोजावं. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा बराच चढला तर दोष रिंगा-बोअरचा, तसाच राहिला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटचा. रिंगा ठीक निघाल्या आणि नवी व्यवस्था बसली, की शेवटची तपासणी अगदी स्वस्तातली आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरावं, एक टोक डिपस्टिकच्या भोकाला घट्ट लावावं आणि दुसरं मोकळं ठेवावं. तापलेल्या इंजिनावर पाणी इंजिनाकडे दोन-तीन इंच ओढलं जावं. फार जास्त ओढलं गेलं तर मागच्या आट्यांमधून धूळ आत येईल, तेव्हा व्हॉल्व बदलावा. पाणी उलट बाहेरच्या बाजूला ढकललं जात असेल तर नळ्या आणि जाळी पुन्हा पाहाव्यात, आणि त्या मोकळ्या असतील तर इंजिन खोलण्याची तयारी करावी.