पॅड बांधून बसलेला खेळाडू

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. मीही त्याविषयी केवळ वाचलेच आहे. त्या खेळात चढाई करणाऱ्या संघाचे पाच धिप्पाड गडी ओळीने पुढे उभे राहतात. चेंडू फेकणाऱ्याला प्रतिपक्षाच्या धडकेपासून वाचवायचे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचे काम. गुणफलकावर त्यांची नावे सहसा लागत नाहीत. या पाच जणांना शिकवायला मात्र एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो. ज्यांचे नाव होत नाही, त्यांना शिकवणारा! त्याच्या नावाची मग गोष्टच नको. हे वाचले आणि मला अमोल मुझुमदार आठवले.

१९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद ३४९. हे सर्वांना पाठ आहे. पण त्यांच्यानंतर फलंदाजीला जाणारा तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसून राहिला होता. त्याची पाळी आलीच नाही. तोच अमोल मुझुमदार.

तिघांचेही गुरू रमाकांत आचरेकर. आचरेकरसरांनी स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळला होता. पण मुलांना नुसते नेटमध्ये न घोटवता सामन्यांत उतरवावे, हे त्यांचे सूत्र होते. सचिनच्या यष्टीवर ते रुपयाचे नाणे ठेवीत. त्याला बाद करील त्याचे ते नाणे. तो नाबाद राहिला तर त्याचे. विकेटची किंमत त्यांनी अशी शिकवली. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

अमोलने १९९३-९४ च्या मोसमात मुंबईकडून रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पुढे १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतके! त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने २००६-०७ चा रणजी करंडकही जिंकला. परंतु भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. मधल्या फळीत एकाहून एक मोठे फलंदाज होते. २०१४ मध्ये त्याने खेळ थांबवला आणि शिकवणे हाच व्यवसाय केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला.

२०२५ च्या विश्वचषकात हा संघ साखळीत ओळीने तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते. पुढच्याच सामन्यात तिला परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. तिने नाबाद ७६ केल्या. मग उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. वगळलेल्या खेळाडूच्या मनात काय चालते, हे पॅड बांधून बसलेल्याला वेगळे सांगावे लागत नसावे. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने चषक जिंकला, तेव्हा कर्णधार हरमनप्रीत कौरने प्रशिक्षकांच्या पायांना हात लावला.

आता माझे. वडील वसईच्या एका कारखान्यात फिटर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. गेल्या मोसमात मी संघाचा बारावा गडी होतो. एकही सामना खेळलो नाही, पाणी मात्र पुष्कळ वाहिले. पुढे मला शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची आहे. हे घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "अरे, जो स्वतः मैदानात उतरला नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?"

त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. मुझुमदारसरांशी माझी तुलना करण्याइतका मी वेडा नाही. त्यांच्या धावांच्या पासंगालाही मी पुरणार नाही. शिवाय न खेळणारा प्रत्येक जण प्रशिक्षक होतो, असेही नाही. वाट पाहताना मनात कडवटपणा साठवायचा की खेळ न्याहाळायचा, यावर सारे ठरते. हल्ली रविवारी सकाळी मी विरारला आमच्या चाळीतल्या सहा-सात पोरांना झेल देतो. एक डावखुरा मुलगा चेंडू येताच डोळे मिटत असे. महिनाभर टेनिसचा चेंडू हळू हळू टाकून त्याची भीती घालवली. परवा त्याने उंच उडालेला झेल पकडला. गॅलरीत उभे राहून वडील ते पाहत होते. बोलले काही नाहीत. पण चहा थंड होईपर्यंत आतही गेले नाहीत.