पत्र कोणत्या खणात?

पाथर्डीच्या पत्त्यावर 414102 हा पिनकोड लिहितात. त्यातला पहिला 4 महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड या भागाचा. पहिले तीन आकडे, म्हणजे 414, अहमदनगरचे (आता अहिल्यानगर). उरलेले 102 पाथर्डीच्या टपाल कार्यालयाचे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. चेन्नईत पत्रांची वर्गवारी करणाऱ्याला पाथर्डी ठाऊक नसली तरी चालते. 414 चा खण कळला की पुरे.

हीच युक्ती संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये वापरता येते. समजा, शाळेसाठी आपण पर्ल भाषेत एक प्रोग्रॅम लिहितो आहोत. 'हजेरी' म्हटले की हजेरी दाखवायची, 'निकाल' म्हटले की निकाल छापायचा. एक मार्ग म्हणजे विचारत जाणे : हजेरी आहे का? नाही. मग निकाल आहे का? अशा दोनशे आज्ञा असतील, तर शेवटच्या आज्ञेसाठी दोनशे प्रश्न!

पर्लमध्ये 'हॅश' नावाची रचना असते. तीत शब्दावरून एक संख्या काढतात व तिच्यावरून थेट खण गाठतात. पर्ल 5 (1994) पासून या खणात एखाद्या कामाच्या सबरुटीनचा पत्ता ठेवता येतो. खण वाढले तरी शोधण्याचा सरासरी वेळ फारसा वाढत नाही.

तक्ता मोठा झाला की मात्र तीन पथ्ये पाळावीत. पहिले, पिनकोडप्रमाणे टप्पे करावेत : मुख्य तक्त्यात 'परीक्षा', 'ग्रंथालय' असे विभाग आणि प्रत्येकाचा उपतक्ता वेगळ्या फाइलीत. दुसरे, एकच नाव दोनदा आले तर पर्ल मुकाट्याने नंतरची नोंद ठेवते, आधीची पुसली जाते. म्हणून नोंद करतानाच नाव तपासावे. तिसरे, तक्त्यात नसलेल्या नावासाठीही एक खण हवा. टपाल खात्यातही पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठी वेगळे कार्यालय असतेच.

यात सुरक्षितताही आहे. वापरणाऱ्याने टाइप केलेला शब्द तपासल्याशिवाय सबरुटीनचे नाव म्हणून वापरला, तर नोंदी पुसणारे कामही कोणी बाहेरून सुरू करू शकेल. तक्ता असेल तर त्यात लिहिलेलीच कामे चालतात.

वर्गात हे करून पाहता येईल. वीस चिठ्ठ्यांवर वेगवेगळी कामे लिहा. एका गटाला त्या ओळीने वाचून काम शोधू द्या, दुसऱ्याला अक्षरांनुसार खणांत लावून. मग चिठ्ठ्या दुप्पट करा. कोणाचा वेळ किती वाढला, हे मुलांनाच मोजू द्या.