उतारा वाचताना

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसात. ही वेळ फोन घरी परतण्याची आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली माझी सहा मुलं पाचवी-सहावीत शिकतात. सहाही घरांत एकेकच स्मार्टफोन, आणि तो दिवसभर मोठ्या माणसाच्या खिशात. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की या मुलांचे आईवडील कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, काही थेट कर्नाटकात जातात. चार मुलं गावात आजीपाशी राहतात. दोघं टोळीबरोबर जातात. त्यांची शाळा गावातच राहते आणि ती दोघं कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. त्या दोघांचं वाचन सहा महिने तुटू नये म्हणून हा वर्ग सुरू झाला, पुढे बाकीची चौघं येऊन मिळाली. मी पुण्यात बसून शिकवते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पण मूल वाचतं म्हणजे नेमकं काय करतं, हे मी निवृत्तीनंतर या सहाजणांकडून शिकते आहे.

या मुलांना वाचता येतं, हे आधी सांगायला हवं. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल तयार करताना कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांपुढे एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ही गोष्ट वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. कोविडमध्ये शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ती ४२.८ टक्क्यांवर आली. या आकड्यांबद्दल खूप बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. माझी सहाही मुलं मात्र ‘वाचू शकणाऱ्या’ गटात मोडतील. ती घडाघडा वाचतात, म्हणून कुणाचं त्यांच्याकडे लक्ष जात नाही. पाचवी-सहावीत भूगोल, विज्ञान, इतिहास अंगावर येतात. तिथे वाक्यं लांबतात, ओळखीचे शब्द विरळ होतात आणि मूल आवाज न अडखळता, काहीही न कळता, पानाच्या तळाशी पोहोचतं.

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे गुणाकाराच्या रूपात मांडलं. अक्षरांवरून शब्द उलगडणं हा एक आकडा, भाषा समजणं हा दुसरा. त्यांचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज असती तर एक बाजू दुसरीला सांभाळून घेती. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की सगळंच शून्य.

पहिले दोन आठवडे मी पाठ्यपुस्तकाची पीडीएफ पडद्यावर दाखवून वाचून घेत होते. मुलं मध्येच असंबद्ध काहीतरी वाचत. कारण कळायला मला वेळ लागला. फोनवर अक्षर बारीक दिसतं, म्हणून मुलं दोन बोटांनी पान मोठं करतात. पान मोठं झालं की ओळीचा उजवा तुकडा पडद्याबाहेर जातो. मूल अर्धी ओळ वाचून खालच्या अर्ध्या ओळीवर उतरतं, आणि वाक्य जुळलं नाही याचं त्याला काहीच वाटत नाही. अर्थ न जुळण्याची त्याला सवयच झालेली असते. मला खरी भीती त्या सवयीची वाटली.

त्या दिवसापासून वाचायचं ते कागदावर. पुस्तक नसेल तर गावातले गुरुजी छापील पानं पोहोचवतात. फोन दोन डब्यांच्या मध्ये आडवा ठेवायचा, कॅमेरा खाली पुस्तकाकडे. मला चेहरे दिसत नाहीत, सहा पुस्तकं आणि सहा बोटं दिसतात. एखाद्याच्या नखात चिखल, एकीच्या बोटावर कोयत्याचा जुना वण. बोट शब्दांखालून सरकत जातं आणि कुठेतरी रेंगाळतं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला मुलं नेहमी हो म्हणतात. रेंगाळलेलं बोट खोटं बोलत नाही. प्रत्यक्ष वर्गात चाळीस मुलांची बोटं मला एका वेळी कधीच दिसली नव्हती.

रेंज कमी झाली की चित्र गोठतं. मग व्हिडिओ बंद करून फक्त आवाजावर काम चालवायचं. मुलांचे श्वास मला ऐकू येऊ लागले ते तेव्हा.

एक वाक्य घेते. मीच रचलेलं आहे, पण पाठ्यपुस्तकात अशी शेकड्यांनी सापडतील: ‘ज्या भागात पाऊस कमी पडतो, तिथली झाडं आपली पानं लहान ठेवून पाण्याची बचत करतात.’ सहावीतल्या एका मुलाने ते असं वाचलं: ‘ज्या भागात पाऊस... कमी पडतो तिथली झाडं... आपली पानं लहान... ठेवून पाण्याची... बचत करतात.’ एकही शब्द चुकला नाही. मी विचारलं, बचत कोण करतं? तो म्हणाला, पाऊस. मला नवल वाटलं नाही, कारण त्याचा श्वासच ‘पाऊस’वर सुटला होता. दम लागला तिथे तो थांबला होता. अर्थ जिथे थांबायला सांगतो ती जागा त्याला सापडलीच नव्हती.

आता आम्ही वाचण्याआधी हातात पेन्सिल घेतो आणि श्वासाच्या रेघा मारतो. ‘ज्या’ आला की त्याची जोडी शोधायची: ‘तिथली’, ‘त्या’, ‘तो’. ती सापडली की तिच्या आधी एक उभी रेघ. ‘ठेवून’, ‘करून’, ‘जाऊन’ आलं की एक काम संपलं, दुसरं सुरू व्हायचं आहे, तिथे छोटी रेघ. ‘त्यांनी’ आलं की कुणी ते शोधून तिथपर्यंत मागे बाण काढायचा. एका इतिहासाच्या पानावर सात बाण निघाले आणि त्यांतले चार सहाजणांनी सहा वेगवेगळ्या नावांकडे नेले. त्या दिवशी आम्ही एका परिच्छेदाच्या पुढे गेलो नाही. झूमची फुकटची चाळीस मिनिटं संपली आणि वर्ग आपोआप बंद झाला. मला तो तास चांगला गेला असं वाटतं. अभ्यासक्रम पुढे ढकलण्याची घाई तिथे कुणी करत नव्हतं.

मराठी वाचनाच्या काही अडचणी फोनवर दुप्पट होतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आपण द वर किती जोर देतो एवढाच. समोर बसलेलं मूल कुठलं वाचतंय ते ओठ सांगतात. फोनच्या फाटक्या आवाजात दोन्ही सारखेच ऐकू येतात. घाटाच्या पाठात एकीने ‘दऱ्यांमध्ये धुकं साचतं’ हे वाक्य माझ्या कानांना बरोबर वाचलं. चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने होडी काढली. तेव्हापासून अशा शब्दांवर मी कानाचा निकाल मानत नाही. चित्र काढ, नाहीतर तुझ्या शब्दांत सांग.

आणि सगळ्यांनी एका सुरात वाचणं, जे प्राथमिक शाळेचं हुकमी साधन, ते इथे चालतच नाही. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोहोचतो. सहा मुलं एकदम वाचू लागली की नुसता गलका होतो. म्हणून एकाचा माइक चालू आणि पाचजण माइक बंद करून ओठांतल्या ओठांत त्याच्या बरोबरीने वाचतात. यातून एक चांगली गोष्ट झाली. समूहाच्या आवाजाआड लपण्याची सोय गेली. पण ज्या मुलीला एकटीने मोठ्याने वाचायची धास्ती वाटते तिच्यासाठी तीच सोय मोलाची होती, हेही खरं. तिला मी वर्गानंतर वेगळा फोन करते.

डिसेंबरातली गोष्ट. मी म्हटलं, आज एक उतारा वाचू. टोळीबरोबर गेलेला मुलगा एरवी क्वचित बोलतो. तो म्हणाला, “मॅडम, उतारा म्हंजी कारखान्याचा?” मी म्हटलं, सांग. त्याने सांगितलं: एक टन उसातून शंभर किलो साखर निघाली तर उतारा दहा टक्के. ऊस तोडून फडातच पडून राहिला तर वाळतो, मग उतारा घटतो, म्हणून मुकादम घाई करतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, त्याने ऐकलं होतं. लगेच दुसरी म्हणाली, आमच्याकडे सातबाराचा उतारा असतो. तिसऱ्याने सांगितलं, लहान बाळाला नजर लागली की आजी ओवाळून तिकाटण्यावर टाकते तो उतारा. चौथ्याला विषावरचा उतारा माहीत होता. पाचव्याला घाटाचा. पुस्तकातल्या परिच्छेदाला उतारा म्हणतात, हा अर्थ परीक्षेत गेली तीन वर्षं ज्यांना विचारला जातो आहे त्यांच्यापैकी कुणीच सांगितला नाही. आम्ही ठरलेला मजकूर बाजूला ठेवला. एकाच शब्दाला इतके अर्थ असले तर वाक्यात कुठला घ्यायचा हे कसं ठरवायचं, यावर अर्धा तास बोललो. ‘आजूबाजूचे शब्द बघायचे’ हे उत्तर त्यांनीच काढलं.

पुढच्या शुक्रवारी मी ऊस ते साखर या प्रवासावर दोन पानं स्वतः लिहून पाठवली. तोच मुलगा, जो पर्जन्यछायेच्या पाठात दर दोन शब्दांना अडकतो, तो इथे श्वास बरोबर जागी घेत वाचत गेला. मध्येच थांबून म्हणाला, मॅडम, हे चुकलंय, मोळी आधी बांधतात, मग गाडीत भरतात. माझ्या वाक्यात क्रम खरोखरच उलटा झाला होता. रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. हा निष्कर्ष मी पूर्वी वाचला होता. तो कोपीच्या उजेडात, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत असताना, पुराव्यासकट समोर आला. या मुलाला ‘वाचनात मागे’ असा शिक्का होता. मागे होती ती आपण त्याच्या हातात ठेवलेली पुस्तकं. त्यांत त्याचं जग जवळजवळ नाहीच.

अर्थात ओळखीचंच वाचत राहायचं असं मी म्हणत नाही. अनोळखी मजकुरासाठी आम्ही भूमिका वाटून घेतो. एकजण पुढे काय येईल याचा अंदाज बांधतो, दुसरी प्रश्न विचारते, तिसरा अडलेला शब्द सोडवतो, चौथी दोन वाक्यांत सार सांगते. उरलेले दोघं वाचतात. पुढच्या परिच्छेदाला भूमिका बदलतात. पॅलिन्क्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही रीत नेमकी अशाच मुलांसाठी होती, ज्यांना शब्द वाचता येतात पण अर्थ लागत नाही. सगळ्यात अवघड जातं ते प्रश्न विचारणं. सुरुवातीचे सगळे प्रश्न स्वाध्यायासारखे: ‘पठार म्हणजे काय?’ दोन महिन्यांनी एकीने विचारलं, “पठारावर पाऊस पडला तर पाणी कुठं जातं, हे लिहिलंच नाही का?” प्रश्न विचारताना तिने वाक्यात हवा तिथे एक लहानसा विरामही घेतला.

रात्री व्हॉट्सॲपवर आवाजाचे संदेश येतात. रोज एका मिनिटाचं वाचन. मी ते दोनदा ऐकते आणि मजकुराच्या प्रतीवर खुणा करते. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्या पद्धतीवरून घेतलेल्या या खुणा आहेत: बरोबर शब्दाला टिंब, चुकला तर तो कसा चुकला ते वर लिहायचं, आणि स्वतः चूक दुरुस्त केली तर गोल. मी गोल मोजते. ‘झाडांना... झाडांनी’ असं मागे वळून वाचणाऱ्या मुलाला काहीतरी खटकलं, म्हणजे त्याच्या मनात वाक्य तयार होत होतं. एकही चूक न करता, एकही गोल न मिळवता वाचणारं मूल मला जास्त काळजीत टाकतं.

सगळे संदेश येत नाहीत. एका मुलाचा फोन जानेवारीत रिचार्ज संपून बंद पडला तो पंधरा दिवस बंदच राहिला. टोळीबरोबर गेलेली मुलगी कधी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन वाचते, कधी मध्येच ‘मॅडम, चूल बघून येते’ म्हणून जाते आणि वर्ग संपला तरी परतत नाही. तिच्या आईशी मी बोलले. ती म्हणाली, ताई, मला कळतंय हो, पण पहाटे चारला फडात जायचं असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तिची वेळ नऊ केली.

पुस्तक हातात देता येत नाही, ही उणीव कुठल्याच युक्तीने भरून निघाली नाही. वर्गात मी एखाद्याच्या बाकावर पुस्तक ठेवून निघून जात असे. तो ते उघडायचाच. फोनमधून असं काही ठेवून निघून जाता येत नाही.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी परत निघाली त्या रात्री त्या मुलीचा संदेश आला, तीन मिनिटांचा. ट्रॅक्टरच्या आवाजात ती रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होती. खताची जाहिरात, ढाब्याचं नाव, गावांची नावं. मग: “पुढे तीव्र वळण... वाहने सावकाश... चालवा.” जरा वेळाने: “थांबा, पुढे... नाही, थांबा पुढे आहे. एसटीचा थांबा. मला वाटलं आपल्यालाच सांगतेत.”

मी प्रत काढली आणि त्या ‘थांबा’वर गोल केला.