'गॅसची गोळी' बंद केली की जळजळ पुन्हा का वाढते? जाणून घ्या सविस्तर

आखाडा बाळापूर (जि. हिंगोली) : बाजाराचा दिवस असो की लग्नसराई, मेडिकलवर एक वाक्य हमखास कानावर पडते, 'एक गॅसची गोळी द्या.' हातात येते ती बहुतेक वेळा पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा राबेप्राझोल. काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली ही गोळी अनेकांच्या घरी वर्षानुवर्षे चालते. सोडून पाहिली की चार दिवसांत छाती जळू लागते. मग वाटते, आजार गेलाच नाही, गोळी आता जन्माची. खरेच तसे असते का?

गोळी नेमके काय करते?

जठराच्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे सूक्ष्म 'पंप' असतात. ही गोळी ते बंद करते. म्हणून या गटाला 'प्रोटॉन पंप इनहिबिटर' म्हणजे पीपीआय म्हणतात. जेवणाने हे पंप सुरू होतात, त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवल्यानंतर घेतल्यास गुण कमी येतो.

बंद केल्यावर काय होते?

आम्ल कमी झाले की शरीर 'गॅस्ट्रिन' हे संप्रेरक वाढवते, म्हणजे आम्ल तयार करण्याचा निरोप पाठवतच राहते. लोडशेडिंगमध्ये प्रत्येकाने मोटारीचा ऑटो स्विच लावून ठेवावा आणि वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हाव्यात, तसेच इथे होते. गोळी थांबताच आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते.

डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पित्ताचा त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्ती होत्या. निम्म्यांना आठ आठवडे ही गोळी दिली. ती थांबवल्यानंतरच्या महिनाभरात त्यांच्यापैकी ४४ टक्के जणांना जळजळ, आंबट पाणी येणे असा त्रास झाला. गोळी न घेतलेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे सोडल्यानंतरची जळजळ दर वेळी जुन्या आजाराचीच नसते. ती काही आठवड्यांत ओसरू शकते.

दीर्घकाळ घेतल्यास कोणते धोके?

- रक्तातील मॅग्नेशियम कमी होणे : पायात गोळे, थरथर, धडधड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये हा इशारा दिला.
- बी-१२ ची कमतरता : दोन वर्षांहून अधिक वापरात शक्यता वाढते.
- मूत्रपिंडाला इजा : भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये हा दुष्परिणाम माहितीपत्रकात छापण्यास कंपन्यांना सांगितले.
- हाडे मोडणे, आतड्यांचा संसर्ग : अभ्यासांत संबंध दिसला, मात्र प्रत्येक रुग्णामागे धोका कमी आहे.

हृदयरोगासाठी क्लोपिडोग्रेल सुरू असेल तर ओमेप्राझोल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कोणी स्वतःहून बंद करू नये?

अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल, अन्ननलिकेला गंभीर सूज असेल किंवा 'बॅरेट्स' हा अन्ननलिकेचा आजार असेल, तर गोळी संरक्षण देते. रक्तस्रावाचा धोका असूनही अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक रोज घ्यावे लागणाऱ्यांनाही हेच लागू. भीतीपोटी गोळी सोडणे इथे महागात पडू शकते.

मग सोडायची कशी?

आधी डॉक्टरांना विचारा, 'मला ही अजून लागते का?' नको असेल तर डोस निम्मा करणे, मग दिवसाआड घेणे हा एक मार्ग. काहींना एकदम थांबवलेलीही चालते. मधल्या काळात त्रास झाल्यास पातळ अँटासिड किंवा फॅमोटिडिन घेता येते का, तेही विचारा. रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकणे, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणे, वजन उतरवणे आणि तंबाखू सोडणे यांचाही उपयोग होतो.

हे दिसल्यास थांबू नका

घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कारण नसताना वजन घटणे ही लक्षणे गोळीने दाबू नका. छातीत दाब, घाम, दम किंवा हाता-जबड्यात कळ असेल तर ते पित्त समजून घरी बसू नका. १०८ ला फोन करून तातडीने रुग्णालय गाठा.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याची शंका असल्यास १८००-१८०-३०२४ या केंद्र सरकारच्या टोल फ्री क्रमांकावर रुग्णही कळवू शकतात. पुढच्या वेळी मेडिकलवर जाल तेव्हा जुनी चिठ्ठी सोबत ठेवा आणि गोळी किती दिवसांसाठी लिहिली होती, ते आधी पाहा.