कात्सू म्हणजे आपलं कटलेटच!

मंडळी, "आज करी केली आहे गं, जेवायला या" असं कुणाच्या आईने कधी म्हटल्याचं आठवतंय का? आपल्याकडे आमटी असते, कालवण असतं, रस्सा असतो, पिठलं, कढी, सार, सगळं असतं. करी नसते. तरीही या देशात पाऊल ठेवलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "तुम्ही घरी रोज करी खाता ना?" आम्ही वीसेक वर्षांपूर्वी एम.एस्सी. करायला इथे आलो तेव्हा सुरुवातीला या प्रश्नाला सविस्तर उत्तर देत असू. पुढे नुसतं "हो" म्हणायला लागलो. वेळ वाचतो.

आता हाच प्रश्न घरातून यायला लागलाय. आमची तेरा वर्षांची लेक आमटीभाताकडे बघून नाक मुरडते, पण शाळेच्या कँटीनमध्ये 'कात्सू करी' असली की त्या दिवशीचा डबा जसाच्या तसा घरी परत येतो. आपल्या अनेक घरांत हीच तऱ्हा आहे असं मंडळाच्या कार्यक्रमांत ऐकू येतं. मग आम्ही ठरवलं, ही जपानी करी आहे तरी काय, ते एकदा मुळापासून बघावं. इंजिनियरची खोड, दुसरं काय!

मुळापासून बघायला गेलं तर गाडी जपानला जायच्या आधी लंडनलाच थांबते. हॅना ग्लास नावाच्या बाईंनी 1747 साली छापलेल्या इंग्रजी पाकपुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती आहे. 1810 मध्ये पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. ते फार दिवस चाललं नाही, पण लोकांच्या जिभेला चव लागली. घरोघर मसाले कुटणं साहेबाच्या बायकोला काही जमणारं नव्हतं. त्यातून बाटलीतली तयार 'करी पावडर' आली. हळद, धणे, जिरे, मेथी, मिरी सगळं एकाच बाटलीत. गोडा मसाला वेगळा, काळा मसाला वेगळा, मालवणी वेगळा ही भानगडच नाही.

हीच बाटली एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जहाजांतून जपानला पोचली. 1872 साली तिथे निघालेल्या पाश्चात्त्य स्वयंपाकाच्या पुस्तकांत करीची कृती आहे. त्यातल्या एकीत चक्क बेडूक घालायला सांगितलाय! सांगायचा मुद्दा असा, की जपान्यांच्या दृष्टीने करी हा हिंदुस्थानी पदार्थ नव्हताच. तो 'विलायती' पदार्थ होता.

तो घराघरांत पोचण्यात आरमाराचा वाटा मोठा. जपानी आरमार इंग्रजांच्या धर्तीवर उभं राहिलं होतं, पण खलाशी पांढरा सडीक तांदूळ खाऊन बेरीबेरीने आजारी पडत. 1882-83 च्या एका लांबच्या सफरीत 'र्‍युजो' या जहाजावर 169 जण आजारी पडले आणि 25 दगावले. ताकाकी कानेहिरो हे आरमाराचे डॉक्टर लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शिकून गेलेले. त्यांनी 1884 मध्ये त्याच मार्गाने दुसरं जहाज पाठवलं, आणि जेवणात मांस, दूध, बार्ली वगैरे वाढवलं. या खेपेला बेरीबेरीने एकही माणूस गेला नाही. खरं कारण, म्हणजे सडीक तांदळात ब-1 जीवनसत्त्व नसणं, पुढे कळलं. पण इलाज लागू पडला होता. अशा मिश्र जेवणात करी फिट्ट बसली: एका भांड्यात मांस, बटाटा, गाजर, कांदा, दाटपणाला गव्हाचं पीठ आणि खाली भात. आरमाराच्या 1908 च्या पाकपुस्तकात ती आहे, आणि आजही जपानी नौदलात शुक्रवारी करी असते. आपल्याकडे संकष्टीला जसे मोदक, तसा त्यांचा शुक्रवार!

मधल्या काळात एक खरा हिंदुस्थानी माणूसही तिथे पोचला होता. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानला निसटले. टोकियोतल्या 'नाकामुराया' दुकानाच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे जावईही करून घेतलं. त्याच नाकामुरायात 1927 पासून हिंदुस्थानी पद्धतीची करी मिळू लागली. म्हणजे इंग्रजांनी नेलेली करी एका बाजूला आणि इंग्रजांपासून पळालेल्याची करी दुसऱ्या बाजूला. जपानी माणसाने दोन्ही आवडीने खाल्ल्या.

आता 'कात्सू'. इथली मुलं त्या पिवळसर रश्श्यालाच कात्सू म्हणतात, पण ते खरं नाही. कात्सू हे 'कात्सुरेत्सु'चं लघुरूप आणि कात्सुरेत्सु म्हणजे इंग्रजी 'कटलेट'चा जपानी उच्चार. तेच ते कटलेट, जे आपण रेल्वेच्या डब्यात कागदी बशीतून सॉस लावून खाल्लं! ब्रिटनमध्ये हे नाव तोंडोतोंडी होण्यात 1992 साली ब्लूम्सबरीत सुरू झालेल्या 'वागामामा'चा हात मोठा. पुढे डिसेंबर 2018 मध्ये जपानची 'कोको इचिबान्या' ही करीची साखळी लंडनला आली, आणि 2020 मध्ये तीच दिल्लीजवळ गुडगावला पोचली. करीची प्रदक्षिणा पूर्ण झाली म्हणायची.

हे सगळं पुराण लेकीला ऐकवल्यावर ती म्हणाली, "मग आजीला घेऊन जाऊ या ना. आजीला करी आवडेल." आजी सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. शुद्ध शाकाहारी. बाहेर खायचं म्हणजे कपाळाला आठी. आजीचं इंग्रजी आणि नातीचं मराठी दोन्ही तोकडं, त्यामुळे दोघींचं बोलणं "जेवलीस का?" आणि "येस आजी" यापलीकडे फारसं जात नव्हतं. नातीने आपणहून आजीसाठी काहीतरी ठरवलं हेच अप्रूप. तेव्हा एका शनिवारी रेडिंगहून गाडी पकडून आम्ही सगळे मध्य लंडनमधल्या एका लहानशा जपानी करी हॉटेलात गेलो. दहाबारा टेबलं, भिंतीवर पदार्थांचे फोटो, काड्यांऐवजी चमचे. भात किती, तिखट कितपत, वर काय घालायचं, सगळं आपणच सांगायचं.

ऑर्डर देण्याआधी आम्ही विचारलं, "भाज्यांचं कटलेट शाकाहारी, पण रश्श्यात काय आहे?" पोरगी प्रामाणिक होती. आत जाऊन विचारून आली. नेहमीचा रस्सा मांसाच्या अर्कात होता. भाज्यांचा रस्सा वेगळ्या पातेल्यात होता, तो चालण्यासारखा. पण तळणीचं तेल मात्र सगळ्यांना एकच.

आम्ही मराठीत हे आजींना सांगितलं. लेकीचा चेहरा पडला. तिला वाटलं, आजी आता उपाशी उठणार आणि तेही आपल्यामुळे. "वी कॅन गो समव्हेअर एल्स," ती पुटपुटली. आजींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या फोटोंकडे. मग म्हणाल्या, "तळलेलं नको. भात आणि ते वेगळं कालवण आण म्हणावं. लोणचं आहे का विचार."

लोणचं होतं. फुकुजिनझुके नावाचं, बारीक चिरलेल्या भाज्यांचं, गोडसर, कुरकुरीत. भात आला तो आखूड दाण्याचा, मऊ. आजी म्हणाल्या, "आंबेमोहोरासारखा आहे, वास नाही तेवढा." रश्श्याचा पहिला घास घेतला आणि थोडा वेळ गप्प बसल्या. आम्ही सगळे बघतोय. "गूळ घातलाय होय यात?" नातीने फोनवर शोधून सांगितलं, गूळ नाही, पण जपानी लोक सफरचंद आणि मध घालतात. "तेच ते," आजी म्हणाल्या, "आमटीत मी चिंच-गूळ घालते, हे सफरचंद घालतात. डाळ तेवढी विसरले." लेक हसली. "आजी, यू मीन आमटी इज कात्सू?" "कात्सू म्हणजे काय?" आजींनी विचारलं. मग नातीने आपल्या मोडक्या मराठीत रेल्वेच्या कटलेटची गोष्ट आजींना सांगितली. आम्ही मध्ये बोललो नाही. तिचं इतकं लांब मराठी आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

पुढच्या रविवारी दोघींनी हाच प्रयोग घरी केला. ज्यांच्या घरी शाकाहारी मंडळी आहेत त्यांच्यासाठी कृती देतो. 50 ग्रॅम लोण्यावर 50 ग्रॅम मैदा मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं बिस्किटी रंगावर भाजा, त्यात दोन चमचे करी पावडर घाला. दुसरीकडे दोन कांदे छान परतून बटाटा आणि गाजर पाऊण लिटर पाण्यात शिजवा, अर्धं सफरचंद किसून टाका, चमचाभर सोया सॉस, चवीला मीठ. मग भाजलेला मैदा थोडा-थोडा मिसळत उकळी आणा. पिठाने रस्सा दाटतो, पिठल्यात बेसन करतं तेच काम इथे मैदा करतो. रताळ्याच्या चकत्या मैद्याच्या पातळ पिठात बुडवून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळल्या की झालं कात्सू. आजींनी शेवटी चिमूटभर गोडा मसाला टाकलाच. लेकीने हरकत घेतली, आणि मग दोनदा वाढून घेतलं.

तयार वड्या आणणार असाल तर वेष्टनामागची यादी जरूर वाचा. 'टॅलो' म्हणजे गाय किंवा मेंढीची चरबी, 'लार्ड' म्हणजे डुकराची. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या: 2014 च्या डिसेंबरपासून इथल्या हॉटेलांना 14 ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात मासे, अंडं, दूध, मोहरी आहे. पण गोमांस किंवा डुकराचं मांस ॲलर्जीच्या यादीत येत नाही. म्हणजे ते तक्ते बघून शाकाहाराचा उलगडा होत नाही. रस्सा कशात केलाय आणि तेल वेगळं आहे का, हे दोन प्रश्न तोंडानेच विचारावे लागतात. विचारायला मुळीच लाजू नका. आणि उत्तर ऐकल्यावर काय चालतं आणि काय नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वतः ठरवू द्या. आपण त्यांच्या वतीने आधीच "त्यांना नाही चालणार" म्हणून टाकतो, आणि मग ते घरी, आपण हॉटेलात.

जपान्यांनी साहेबाकडून घेतलेली बाटली आपल्या भातावर ओतली आणि तिला आपलं म्हटलं. आपल्या मुलांनी रताळ्याचं कटलेट गोड्या मसाल्याच्या रश्श्यात बुडवलं तर त्याला काय म्हणायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आमच्याकडे सध्या त्याला 'आजी करी' म्हणतात. आजी सांगलीला परतल्या, तरी दर रविवारी फोनवर नातीला विचारतात, "मैदा नीट भाजलास ना?" आणि उत्तर आता नुसतं "येस आजी" येत नाही.